मुलाखतीत आपणही विचारायचं असतं



"ताई, मोठ्या दुकानात नोकरीसाठी मुलाखत आहे, काय विचारतील?" असं आपल्यातल्या मुली आणि सुना मला हल्ली वरचेवर विचारतात. मी गेली काही वर्षं अशा दुकानात काम करते, त्याआधी मुलाखतीही दिल्या, म्हणून विचारतात. ते काय विचारतील हे मी सांगतेच. पण आपण त्यांना काय विचारायचं, हे कोणी विचारत नाही, आणि माझा अनुभव असा की पुढची दोन-तीन वर्षं सुखात जाणार की रडत जाणार हे त्याच्यावर ठरतं.

आपण दुकानदारांची माणसं. इतवारी, मस्कासाथ, गांधीबाग, जिकडेतिकडे कोणाचा ना कोणाचा गल्ला. घरची सून दुकानात बसली तरी ते काम धरत नाहीत. "जरा दुकानाकडे बघते" एवढंच म्हणायचं. मी चौदा वर्षं घरच्या किराणा दुकानात अशीच "जरा बघत" होते. पहाटे माल उतरवून घेणं, उधारीची वही, पापड-वड्यांच्या ऑर्डरी, सगळं. मग भाडं वाढलं, गिऱ्हाईक कमी झालं, आणि मुलीच्या कॉलेजची फी समोर आली. २०१८ च्या उन्हाळ्यात मी अर्ज केला तेव्हा सासरे दोन दिवस बोलले नाहीत. दुकानदाराच्या घरची बाई दुसऱ्याच्या दुकानात उभी राहणार, हे त्यांना लागलं होतं. सासूबाई मात्र म्हणाल्या, "घरी उभीच असते ना दिवसभर? तिथे पैसे तरी मिळतील."

आता त्यांचे प्रश्न. ते फार अवघड नसतात. घरी कोण कोण आहे, किती लांबून येता, नऊ तास उभं राहता येईल का, सुट्टीच्या दिवशी आणि रविवारी याल का. ग्राहक चिडला तर काय कराल. थोडा हिशोब देतात. साडेतीनशेच्या वस्तूवर वीस टक्के सूट, गिऱ्हाइकानं पाचशेची नोट दिली, परत किती? आपल्या घरातली दहा वर्षांची पोर हे तोंडी सांगेल. दोनशेवीस. माझ्या शेजारची मुलगी मोबाईल काढत होती, मला तिची दया आली. फॉर्मवर "अनुभव" असा रकाना होता, तिथं मी "किराणा, १४ वर्षे" लिहिलं. समोरच्या मुलानं पगाराची स्लिप मागितली. मी म्हटलं, स्लिप नाही, पण तुरीच्या डाळीचे चार नमुने समोर ठेवा, कुठली जुनी, कुठली तेल लावलेली, हातात घेऊन सांगते. भिवापूरची मिरची आणि रंग चढवलेली मिरची ओळखून दाखवते. तो हसला, पण त्यानं ते लिहून घेतलं. मैत्रिणींनो, हा रकाना रिकामा सोडू नका. घरच्या दुकानातलं काम हा अनुभवच आहे.

पगाराच्या बाबतीत पहिला प्रश्न हा की माझा मालक कोण? प्रश्न वेडगळ वाटेल, पण मोठ्या दुकानात एकाच रंगाचा शर्ट घातलेल्या सगळ्यांचा पगार एकाच ठिकाणून येत नाही. काही दुकानाच्या स्वतःच्या यादीवर असतात, काही माणसं पुरवणाऱ्या एजन्सीच्या, आणि शॅम्पूजवळ किंवा चहापत्तीजवळ उभ्या असलेल्या मुली बरेचदा त्या त्या कंपनीच्या. काम तेच, उभं राहणं तेच, पण उद्या काही झालं तर दाद मागायची कोणाकडे ते वेगळं. म्हणून विचारायचं, "नेमणुकीच्या पत्रावर नाव कोणाचं असेल?"

दुसरं, ते जो आकडा सांगतात तो हातात पडत नाही. मूळ पगार दहा हजार असेल तर त्याचे १२ टक्के, म्हणजे १२०० रुपये, भविष्य निर्वाह निधीत जातात. तेवढेच मालकानं घालायचे असतात. बरेच जण मालकाचा वाटाही धरून मोठा आकडा सांगतात, म्हणून "हातात किती" हे वेगळं विचारायचं. एकूण पगार २१ हजारांच्या आत असला तर कामगार विम्याचे पैसेही कापतात. २०१९ च्या जुलैपासून आपल्याकडून ०.७५ टक्के आणि मालकाकडून ३.२५ टक्के. ते पैसे गेले म्हणून हळहळू नका. त्या विम्यावर सोमवारीपेठेतल्या कामगार विमा रुग्णालयात आपल्याबरोबर घरच्यांचंही औषधपाणी होतं. फक्त कापलेले पैसे खरंच जमा होतात का ते पासबुकात पाहत जायचं. महिन्यातून एकदा, जशी दुधाची वही पाहतो तशी.

पीएफ, विमा म्हणजे काहीतरी नवीन सरकारी लफडं असं आपल्या घरात समजतात, म्हणून आपल्या गावची गोष्ट सांगते. गांधीसागर तलावाजवळ आज एम्प्रेस मॉल आहे, तिथं पूर्वी एम्प्रेस मिल होती. जमशेटजी टाटांनी ती १ जानेवारी १८७७ ला सुरू केली. त्या दलदलीच्या जागेत भराव घालायला पैसे द्यायला एका इथल्या सावकारानं नकार दिला होता, हा माणूस सोनं मातीत घालतोय म्हणून. पुढे त्याच सावकारानं कबूल केलं म्हणतात की यानं माती घातली आणि सोनं काढलं. तर त्या मिलमध्ये १८८६ साली कामगारांसाठी पेन्शनचा निधी सुरू झाला, आणि १८९५ पासून कामावर अपघात झाला तर भरपाई देऊ लागले. कुठल्याही कायद्यानं भाग पाडायच्या आधी, आपल्या नागपुरात. गिरणी गेली, भोंगा गेला, आणि ज्या जागी सूत निघत होतं तिथं आता आपल्या मुली कपड्यांच्या घड्या घालतात. त्या जागेवर उभं राहून कोणी "पीएफबिएफ आमच्याकडे नसतं" म्हणालं तर माझं डोकं फिरतं.

आता आपल्या खास अडचणीकडे येते. संध्याकाळचं जेवण.

दुकानात दोन पाळ्या असतात. सकाळची बरी. दुपारची एक ते दहा, आणि जेवणाची सुट्टी साधारण आठला. नागपुरात डिसेंबरात साडेपाचला सूर्य मावळतो, जूनच्या शेवटी सातच्या आसपास. म्हणजे वर्षातला एकही दिवस आठची सुट्टी आपल्या कामाची नाही. बऱ्याच जणी गप्प बसतात आणि मग दोनच गोष्टी होतात, एकतर नियम सुटतो किंवा बाई दुपारी बारापासून दुसऱ्या सकाळपर्यंत उपाशी राहते. मला एक माहीत आहे, सहा महिन्यांत तिचं रक्त इतकं कमी झालं की नोकरीच सोडावी लागली. धर्म पाळायचा म्हणून नव्हे, विचारायला लाजली म्हणून.

मी मुलाखतीतच विचारलं. त्याआधीच्या डिसेंबरात, म्हणजे १९ डिसेंबर २०१७ ला, महाराष्ट्रात दुकानांचा नवा कायदा लागू झाला होता, आणि माझ्या मुलीनं तो मोबाईलवर वाचून दाखवला होता. सलग पाच तास काम झालं की किमान अर्धा तास सुट्टी द्यायचीच, असं त्यात होतं. एकला आलेल्या बाईला सहाच्या आत अर्धा तास. मी म्हटलं, "मला जास्त काही नको. हाच अर्धा तास सूर्यास्ताच्या आधी द्या, आठला मी काउंटर सोडणार नाही. उलट आठला बाकीच्या जेवायला जातील तेव्हा तुम्हाला माणूस लागेलच." त्यांना हा सौदा पटला. आपण फुकट काही मागत नाही, गर्दीच्या वेळेला उभं राहून त्याची किंमत देतो, हे समोर ठेवलं की लोक ऐकतात. (तासांचे आणि सुट्टीचे आकडे सरकार अधूनमधून बदलतं, तेव्हा जायच्या आधी चालू नियम पाहून घ्या.)

तो मुलगा म्हणाला, "करू ॲडजस्ट." मी म्हटलं, पत्रात लिहा. तर म्हणे पत्र मुंबईहून छापील येतं, त्यात एक अक्षर बदलता येत नाही. हे खरं होतं, मी नंतर पाहिलं. मग त्याच संध्याकाळी मुलीकडून ईमेल लिहून घेतला. आज मुलाखतीत ठरल्याप्रमाणे माझी दुपारच्या पाळीतली सुट्टी सूर्यास्तापूर्वी राहील, मांस आणि अंड्यांच्या विभागात मला नेमणार नाही, आणि अनंत चतुर्दशीला मी सुट्टी घेईन. चार ओळी. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, "नोटेड." एवढा एकच शब्द. तो मी जपून ठेवला.

अनंत चतुर्दशीचं थोडं सांगायला हवं. त्या कायद्यात वर्षाला सणाच्या आठ पगारी सुट्ट्या आहेत. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या चार ठरलेल्या, उरलेल्या चार मालक आणि कामगारांनी मिळून वर्षाच्या सुरुवातीला ठरवायच्या. आपलं दशलक्षण पर्व आणि गणपती एकाच वेळी येतात, दुकानात तोबा गर्दी. त्या दहा दिवसांत रोज रजा मागून चालत नाही हे आपणही समजून घ्यावं. मी दहा दिवस सकाळची पाळी मागते आणि चतुर्दशीची सुट्टी. सव्वीस जानेवारी आणि पंधरा ऑगस्टला मात्र या दुकानांत सेल असतो आणि सगळ्यांना बोलावतात. त्याचा वेगळा मोबदला कसा देणार, हेही आधीच विचारून ठेवा.

मांस-अंड्यांच्या विभागात नाही म्हटलं, ते झालं. पण बिलिंगला बसलं की अंड्यांचा ट्रे समोर येतोच. तेव्हा काय करायचं? मी तो स्कॅन करते. आमच्या जाऊबाईंना हे पटत नाही, त्यांच्या मते ते विकणंच झालं. सासूबाई म्हणतात, दळणाच्या गिरणीत कोणाचं काय दळून येतं ते गिरणीवाला विचारत नाही. मला दोघींचंही थोडं थोडं पटतं. ज्यांना हे अजिबात नको असेल त्यांनी माल आवक किंवा धान्याचा विभाग मागावा, तिथं आपली माणसं लागतातही.

मी धान्यालाच होते. तिथंच पुढच्या पावसाळ्यात तो प्रसंग आला. सुट्टा रवा मोठ्या पोत्यातून दुकानातच पाकिटात भरतात आणि त्यावर पॅकिंगची तारीख मारतात. ऑगस्टात एका पोत्यात जाळी धरलेली, अळ्या दिसत होत्या. सुपरवायझर म्हणाला, चाळून घ्या आणि आजची तारीख मारा. आपल्या घरी पिठाची मर्यादा पावसाळ्यात तीन दिवस, उन्हाळ्यात पाच, हिवाळ्यात सात, हे ज्या बाईनं जन्मभर पाळलं, तिला हे सांगत होता. पाठशाळेत मी मुलांना अचौर्य अणुव्रताचे पाच अतिचार शिकवते. त्यात मापात कमीजास्त करणं आहे आणि चांगल्याच्या नावावर वाईट खपवणं, प्रतिरूपक व्यवहार, तोही आहे. म्हणजे चोरी म्हणजे फक्त खिसा कापणं नाही, हे पोरांना सांगायचं आणि इथं तारीख मारायची? मी म्हटलं, "साहेब, ही तारीख मी मारणार नाही," आणि ते पोतं डॅमेजच्या रजिस्टरमध्ये लिहून टाकलं. एकदा लिहिलं की वर जातं, पुसता येत नाही. पोतं परत गेलं.

मीही गेले, बिलिंगला. दुसऱ्याच दिवसापासून रोज एक ते दहा, आणि सुट्टी आठला. "इथं सगळ्यांना एकच नियम," असं मला ऐकवलं गेलं. पहिल्या दिवशी मी काही बोलले नाही, पाणीही न घेता दहापर्यंत उभी राहिले. दुसऱ्या दिवशी तो "नोटेड" कागदावर छापून नेला आणि थेट मॅनेजरच्या टेबलावर ठेवला. त्यांनी तो दोनदा वाचला. मला विचारलं, "तुम्हाला पाच वाजता पुरेल का?" तेव्हापासून सुट्टी कोणी हलवली नाही. पाळी मात्र दोन महिने तीच राहिली, आणि त्या सुपरवायझरनं माझ्याशी दिवाळीपर्यंत शब्द काढला नाही. चालायचंच. तेवढा एक कागद नसता तर रव्यावरून मी नोकरी गमावली असती, किंवा नोकरीसाठी रवा विकला असता. दोन्ही मला परवडणारं नव्हतं.

दहाच्या पाळीबद्दल अजून एक. त्या कायद्यात बाईला रात्री साडेनऊनंतर तिच्या संमतीशिवाय थांबवता येत नाही. संमती दिली तर तिच्या सुरक्षिततेची आणि घराच्या दारापर्यंत सोडण्याची जबाबदारी मालकाची. संमतीचा फॉर्म बाकीच्या कागदांच्या गठ्ठ्यात असतो, न वाचता सही करू नका. सही करायचीच असेल तर गाडीचं विचारून करा. डिसेंबर २०२२ मध्ये सीताबर्डी ते प्रजापतीनगर मेट्रो सुरू झाल्यापासून आपल्या वर्धमाननगरच्या बाजूला राहणाऱ्यांना येणंजाणं सोपं झालं आहे, पण स्टेशनपासून घरापर्यंतचा रस्ता मेट्रो सोडत नाही.

आणि बसायचं काय? घरच्या दुकानात निदान गादी होती. नऊ तास उभं राहून माझ्या पायांच्या शिरा निळ्या झाल्या. केरळात कोळिकोडच्या बाजारातल्या कपड्याच्या दुकानांत बायकांना दिवसभर बसूही देत नसत आणि लघवीला जायचीही सोय नव्हती. विजी नावाच्या शिवणकाम करणाऱ्या एका बाईनं त्यांना एकत्र केलं, 'पेणकूट्टु' नावाचा गट उभा राहिला, आणि २०१८ मध्ये तिथल्या सरकारला कायदा बदलून दुकानातल्या कामगारांना बसायचा हक्क द्यावा लागला. २०२१ मध्ये तामिळनाडूनंही दिला. मी ही गोष्ट दुसऱ्या नोकरीच्या मुलाखतीत सांगितली आणि विचारलं, तुमच्याकडे काउंटरला स्टूल आहे का? मॅनेजर बाईच होत्या. म्हणाल्या, नाही, पण आणू. तीन आणली. आता आठ जणींत तीन स्टुलं आहेत आणि आम्ही पाळीपाळीनं बसतो, भांडण न होता, बहुतेक वेळा.

मोठी कंपनी म्हणजे कायमची नोकरी असंही धरू नका. २०२२ च्या फेब्रुवारीअखेर बिग बाजारची कितीतरी दुकानं एकाएकी बंद झाली, जागा दुसऱ्या कंपनीकडे गेल्या आणि काही दिवसांनी नवी पाटी लागली. बऱ्याच लोकांना त्याच जागी पुन्हा काम मिळालं, पण मधले दिवस त्यांनी कसे काढले असतील ते त्यांनाच ठाऊक. म्हणून नेमणुकीचं पत्र, दर महिन्याची पगाराची स्लिप आणि पीएफचा नंबर दुकानाच्या लॉकरमध्ये ठेवू नका. घरी ठेवा, दागिन्यांच्या डब्याजवळ.

माझी साप्ताहिक सुट्टी मंगळवारी असते. कोणाला नेमणुकीचं पत्र समजून घ्यायचं असेल किंवा मुलाखतीनंतरचा ईमेल लिहायचा असेल तर तीननंतर या. पाचच्या आत, म्हणजे जेवूनच जाता येईल.